खरवडणी, फासणी आणि गोंदण : एका शब्दाचे तीन अर्थ

रोपवाटिकेविषयीच्या पुस्तिकांत ‘स्कॅरिफिकेशन’ हा इंग्रजी शब्द वारंवार आढळतो. हाच शब्द वैद्यकाच्या पुस्तकात येतो आणि निरनिराळ्या देशांतील लोकांच्या चालीरीतींचे वर्णन करणाऱ्या ग्रंथांतही येतो. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास बियाणे, जनावरे आणि आरोग्य या तिन्ही विषयांवर लोकांशी बोलावे लागते. त्याच्या मनात या अर्थांची सरमिसळ राहिली, तर एका ठिकाणी हितकर असलेली कृती दुसऱ्या ठिकाणी सांगितली जाण्याचा संभव असतो. बियाच्या कवचाला दिलेला ओरखडा रोपाला जन्म देतो. सर्पदंशाच्या जागी दिलेली चीर माणसाचा प्राण घेऊ शकते. म्हणून या शब्दाचे तीन अर्थ आणि त्यांमागील तत्त्व येथे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील उदाहरणे घेऊन सांगितले आहे.

मराठी भाषेची सोय अशी की, आपल्याकडे या तीन कामांना तीन स्वतंत्र शब्द पूर्वीपासून आहेत. बियांच्या बाबतीत आपण ‘खरवडणे’ किंवा ‘घासणे’ म्हणतो. रोग्याच्या अंगावर वस्तऱ्याने बारीक चिरा पाडण्यास ‘फासण्या टाकणे’ म्हणतात. अंगावर कायमची नक्षी उमटवण्यास ‘गोंदणे’ म्हणतात, जरी गोंदणे आणि चिरा पाडून केलेली नक्षी या दोन गोष्टी नेमक्या एक नव्हेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोकदार हत्याराने ओरखडा काढणे एवढाच आहे. तेव्हा तिन्ही अर्थांत समान भाग इतकाच, की एखाद्या सजीवाचे बाहेरचे आवरण थोडेसे उघडले जाते.

बियाचे कवच आणि त्याचा हेतू

शेंगवर्गातील पुष्कळ झाडांच्या बियांचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरत नाही. कवचाच्या बाहेरच्या थरातील पेशी एकमेकींस चिकटून उभ्या असतात आणि त्यांवर मेणासारखे लेपन असते. अशी बी ओल्या मातीत पडूनही महिनेच्या महिने कोरडी राहते. ती मेलेली नसते. तिला पाणी मिळालेले नसते. शेतकरी मात्र ‘बियाणे खराब निघाले’ असे म्हणून ती फेकून देतो.

निसर्गाने ही योजना विचारपूर्वक केल्यासारखी दिसते. पहिल्याच वळवाच्या सरीने सर्व बिया उगवल्या आणि नंतर पावसाने ओढ दिली, तर एकही रोप जगणार नाही. कवच घट्ट असल्यामुळे काही बिया यंदा, काही पुढच्या वर्षी, तर काही त्याहूनही उशिरा रुजतात. रानात हे कवच उन्हातान्हाने, वणव्याच्या धगीने, मातीतील सूक्ष्म जीवांच्या क्रियेने किंवा जनावराच्या पोटातील रसांनी हळूहळू झिजते. शेळ्यांनी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या म्हणजे त्यांच्या लेंड्यांतून पडलेल्या बिया गोठ्याच्या आसपास उगवलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. कच्चे शेणखत शेतात टाकल्यास तण माजते, त्याचेही एक कारण हेच आहे. कठीण कवचाच्या तणबिया शेणातून जिवंत बाहेर पडतात. म्हणून खत चांगले कुजवून मगच वापरावे.

रोपवाटिकेत मात्र आपणास सर्व रोपे एकाच वेळी हवी असतात. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर लागवड करावयाची, तर पिशव्यांतील रोपे त्यापूर्वी पुरेशी वाढलेली असली पाहिजेत. निसर्ग जे काम दोन-चार वर्षांत करतो ते आपण खरवडून काही मिनिटांत करतो.

आधी परीक्षा, मग उपाय

खरवडण्याची गरज आहे किंवा नाही हे ठरवण्याची रीत अगदी सोपी आहे. बियाण्याच्या निरनिराळ्या भागांतून शंभर बिया मोजून घ्याव्यात आणि रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवाव्यात. सकाळी फुगलेल्या बिया व न फुगलेल्या बिया वेगळ्या मोजाव्यात. बहुतेक बिया फुगल्या असतील, तर भिजवून पेरणे पुरेसे आहे. पुष्कळ बिया खड्यासारख्या टणक राहिल्या, तर कवच उघडणे आवश्यक आहे. न फुगलेल्या बियांपैकी दहा-वीस घासून पुन्हा भिजवाव्यात. त्या फुगल्या, तर दोष कवचाचा होता हे निश्चित झाले. हिरवळीच्या खतासाठी घेतलेल्या धैंचाच्या बियाण्यावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्यात टणक बियांचे प्रमाण कधी कमी, तर कधी बरेच असते.

खरवडण्याच्या रीती

घासणे : बिया थोड्या असल्यास काचकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये धरून चोळाव्यात. बिया अधिक असल्यास जाडसर वाळूत मिसळून गोणपाटाच्या पिशवीत घालाव्यात व पिशवी जमिनीवर चोळावी. कवचाची चकाकी गेली व ओरखडे दिसू लागले म्हणजे थांबावे. आतील पांढरा किंवा पिवळा गर दिसू लागला, तर घासणे प्रमाणाबाहेर झाले असे समजावे.

टोक छाटणे : गुंज, खाजकुइली, अबई यांसारख्या मोठ्या बियांचे कवच नखे कापण्याच्या कात्रीने किंवा कानशीने एका जागी किंचित उघडावे. बी शेंगेला जेथे चिकटलेली असते त्या जागेस बियाचा डोळा म्हणतात. कोंब त्याच्या जवळच असतो. म्हणून डोळ्याच्या विरुद्ध बाजूस छाट घ्यावा. खाजकुइलीच्या शेंगेवरील लव अंगाला लागू देऊ नये. गुंजेची बी विषारी आहे. कवच उघडल्यावर तिचे विष अंगात सहज भिनते, म्हणून हे काम मुलांकडून करवून घेऊ नये आणि हात साबणाने धुवावेत.

गरम पाणी : ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि सुबाभूळ यांसाठी ही रीत सोयीची आहे. बियांच्या चार-पाच पट पाणी उकळावे. भांडे चुलीवरून उतरवावे, मग त्यात बिया टाकाव्यात आणि पाणी आपोआप निवू द्यावे. दुसऱ्या दिवशी फुगलेल्या बिया पेराव्यात. सुबाभळीसाठी उकळी मोडल्यावर थोडे थांबून, म्हणजे सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत पाणी आल्यावर, दोन-तीन मिनिटेच बिया बुडवून लगेच थंड पाण्यात टाकणे अधिक सुरक्षित असते. चुलीवर ठेवून बिया उकळणे म्हणजे त्या शिजवणे होय; त्यातून काहीही उगवणार नाही.

आम्ल : बहाव्यासारख्या अतिकठीण बियांसाठी प्रयोगशाळेत तीव्र गंधकाम्ल वापरतात. या आम्लाने कातडी व डोळे भाजतात. शेतकऱ्याने घरी हा प्रयोग करू नये. बहाव्याच्या थोड्या बिया काचकागदावर घासूनही तेच काम होते.

भिजवणे व वाळवणे : सागाच्या फळाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे बी जाड, लाकडासारख्या कठीण कवचात दडलेले असते. अशी फळे रात्री पाण्यात व दिवसा उन्हात, याप्रमाणे एक-दोन आठवडे ठेवल्यास कवच सैल पडते आणि उगवण अधिक सारखी होते.

कोणतीही रीत वापरली, तरी एक नियम सर्वांना लागू आहे. कवच उघडलेले बियाणे साठवून ठेवू नये. ज्या वाटेने पाणी आत जाते त्याच वाटेने बुरशीही आत जाते. खरवडलेली बी त्याच दिवशी किंवा भिजवून दुसऱ्या दिवशी पेरली पाहिजे. जीवाणुसंवर्धक किंवा ट्रायकोडर्मा लावावयाचा असल्यास तो खरवडल्यानंतर, पेरणीच्या अगदी आधी लावावा.

कोणत्या बिया खरवडू नयेत

खरवडण्याचा उपाय समजल्यावर तो सर्वच बियांवर करण्याचा मोह होतो. कोकणातील महत्त्वाच्या फळझाडांना त्याची मुळीच गरज नाही. आंबा, कोकम, फणस, जांभूळ आणि जायफळ यांच्या बिया मुळातच ओलसर असतात व वाळल्या की मरतात. त्यांना ताजेपणा हवा असतो. फळातून काढल्यावर त्या गर धुऊन लवकरात लवकर पेराव्यात. काजूच्या बिया पाण्यात टाकून बुडणाऱ्या तेवढ्या निवडाव्यात, एक दिवस भिजवाव्यात आणि देठाकडील बाजू वर ठेवून लावाव्यात. भाताच्या बियाण्यासाठी मिठाच्या पाण्यात पोचट दाणे तरंगवून काढणे हा उपाय योग्य आहे. दाणा घासण्याने नुकसानच होईल. भेंडीचे बी रात्रभर भिजवले म्हणजे पुरते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे इष्ट आहे. आंबा आणि काजू यांची बी लावून मिळणारे झाड मातृवृक्षासारखेच निघेल याची खात्री नसते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवडलेल्या काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती किंवा हापूस आणि नीलम यांच्या संकरातून तेथे तयार झालेला ‘रत्ना’ आंबा हवा असेल, तर कलमच लावले पाहिजे. बियांपासून वाढवलेली रोपे खुंट म्हणून उपयोगी पडतात.

उभ्या झाडावरील चिरा

झाडाची साल हे त्याचे कवचच होय. दोडामार्ग भागात रबराची लागवड झालेली आहे. तेथे चीक काढताना सालीवर तिरपी चीर देतात. ही चीर सालीपुरतीच ठेवतात. सालीखालील वाढीच्या थरास धक्का लागू देत नाहीत, म्हणून साल पुन्हा भरून येते. माडी काढणारा कसबी माणूसही पोयीचा अत्यंत पातळ काप घेतो. दोन्ही कामांत कसब खोलीचे आहे.

याउलट माडावर चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची रीत घातक आहे. माडाच्या खोडावरील जखम आंबा-फणसाच्या खोडाप्रमाणे नव्या सालीने भरून येत नाही. सोंड्या भुंगा अशा जखमांत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. नुकसान बाहेरून दिसू लागते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारपट्टीवर माड हे कुटुंबाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न आहे. म्हणून खाचा पाडू नयेत. चढण्यासाठी शिडी किंवा शिडीयंत्र वापरावे. आधीच्या खाचा व भोके सिमेंटने किंवा डांबराने बुजवून घ्यावीत.

देवीची लस : ओरखड्याने वाचलेले प्राण

आता वैद्यकाकडे वळू. देवीच्या रोगाने एके काळी गावेच्या गावे उजाड होत. इंग्लंडमध्ये १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीतील द्रव एका मुलाच्या हातावर ओरखडा काढून घातला आणि पुढे त्या मुलास देवीची बाधा होत नाही असे दाखवून दिले. हिंदुस्थानातील पहिली अशी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. तिच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन पुढे इतरांना लस देण्यात आली.

या कामास आपल्याकडे ‘देवी काढणे’ म्हणत. आधी सुरीसारख्या बारीक हत्याराने ओरखडे काढीत. नंतर दातेरी चकती त्वचेवर ठेवून फिरवण्याची रीत आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन टोकांची सुई आली. तिने सुमारे पंधरा वेळा हलकेच टोचले की काम होई. या सर्व रीतींत कसोटी एकच होती. ओरखडा त्वचेपुरता असावा आणि रक्ताचा ओघळ येऊ नये. रक्त वाहिले, तर लस त्याबरोबर धुऊन जाण्याचा संभव असे. बियाच्या बाबतीत आतल्या गरास धक्का न लावता कवच उघडावयाचे, तोच हा नियम.

भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ रोजी आढळला आणि ८ मे १९८० रोजी हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. वयस्क मंडळींच्या दंडावरील गोल, खोलगट वण ही त्या मोहिमेची खूण होय. आजच्या मुलांच्या डाव्या दंडावरील लहान वण देवीचा नाही. तो क्षयाविरुद्ध जन्मल्यानंतर दिल्या जाणाऱ्या बीसीजी लसीचा आहे. आजी आणि नातू यांच्या दंडांवरील वण दिसायला सारखे असले, तरी ते दोन निरनिराळ्या रोगांविरुद्धचे आहेत.

हे तत्त्व परसातील कोंबड्यांसाठी आजही वापरात आहे. कोंबड्यांच्या देवीची लस सामान्यतः सहा ते आठ आठवड्यांच्या पिलांना पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचून देतात. सात ते दहा दिवसांनी त्या जागी सूज किंवा खपली दिसली म्हणजे लस लागली असे समजावे. काहीच न दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. हा रोग डासांमुळेही पसरतो, म्हणून खुराड्याजवळ पाणी साचू देऊ नये.

सर्पदंशावर फासण्या टाकू नका

फासणीची एक जुनी समजूत मात्र आजही जीवघेणी ठरते. साप चावल्यावर त्या जागी पात्याने चिरा पाडून ‘विषारी रक्त’ काढून टाकावे, असे अनेकांना वाटते. सिंधुदुर्गातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर फुरसे पुष्कळ आढळते. काजूची बी गोळा करताना, आंब्याच्या बागेत पालापाचोळा उचलताना किंवा गडग्याचे दगड हलवताना त्याचा दंश होतो. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. अशा माणसाच्या अंगावर चीर पाडली, तर रक्त थांबतच नाही. विष तर त्यापूर्वीच शरीरात पसरू लागलेले असते. ते चिरेतून बाहेर येत नाही. शिवाय अस्वच्छ पात्यामुळे जखम चिघळते आणि धनुर्वाताचे भय राहते.

सर्पदंश झाल्यास पुढीलप्रमाणे वागावे :

(१) रोग्यास धीर द्यावा व हालचाल करू देऊ नये. चालत नेऊ नये.

(२) अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ ताबडतोब काढावे, कारण तो भाग सुजतो.

(३) दंश झालेला हात किंवा पाय लाकडी फळीस सैलसर बांधून स्थिर ठेवावा. रक्तप्रवाह बंद होईल अशी दोरी आवळू नये.

(४) चीर पाडू नये, तोंडाने रक्त ओढू नये, डाग देऊ नये, पाला किंवा शेण लावू नये.

(५) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

रुग्णालयात थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही, तर विषाचा परिणाम झाला असे डॉक्टर ठरवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते. म्हणून कोणता साप चावला हे ओळखता आले नाही, तरी उपचार अडत नाही.

हाच इशारा काविळीवर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याच्या चालीसही लागू आहे. कावीळ हे यकृतावर परिणाम करणाऱ्या अनेक रोगांचे लक्षण आहे. कातडी भाजल्याने यकृत बरे होत नाही. काही कावीळ आपोआप उतरते आणि त्याचे श्रेय डागाला मिळते. जी उतरत नाही तिच्यात मोलाचे दिवस वाया जातात.

पावसाळ्यात न कळत होणाऱ्या खरवडणीचाही विचार करावा. भाताच्या चिखलात काम करताना पायांना ओरखडे पडतात. उंदीर व जनावरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या वाटेने शरीरात शिरतात. जखम झाकावी, शक्य तेथे गमबूट वापरावेत आणि लावणीच्या दिवसांत ताप व अंगदुखी होताच आरोग्य केंद्रात जावे. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

गोंदण आणि चिरांची नक्षी

तिसरा अर्थ अलंकाराचा आहे. आफ्रिकेतील दक्षिण सुदानमध्ये नुएर लोकांत मुलगा वयात आला म्हणजे कपाळावर सहा समांतर रेषा कापण्याची रीत होती. पापुआ न्यू गिनी देशात सेपिक नदीकाठचे काही लोक तरुणांच्या पाठीवर व छातीवर मगरीच्या खवल्यांसारखी नक्षी चिरांनी उठवतात. या नक्षीत रंग नसतो. जखम भरताना उंच वण तयार होतो, तोच अलंकार. गडद वर्णाच्या त्वचेवर रंगापेक्षा उठाव अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून अशा लोकांत ही कला वाढली असावी.

आपल्याकडील गोंदण याहून निराळे आहे. गोंदणारी बाई सुयांच्या जुडीने काजळीचा रंग त्वचेच्या आतल्या थरात टोचते. त्या थरातील पेशी रंगाचे कण धरून ठेवतात, म्हणून रंग जन्मभर टिकतो. कपाळावरील ठिपका, हातावरील तुळस, चंद्रकोर, विंचू किंवा नाव अशा खुणा जुन्या पिढीतील स्त्रियांच्या अंगावर दिसतात. सोन्याचा दागिना विकावा लागतो, चोरीस जातो. गोंदण मात्र मरणानंतरही सोबत येते, ही श्रद्धा त्यामागे आहे. तिचा उपहास करण्याचे कारण नाही.

आज तरुण मुले जत्रेत यंत्राने गोंदवून घेतात. तेथे प्रश्न श्रद्धेचा नसून सुईचा आहे. एकच सुई किंवा रंगाची एकच वाटी अनेकांसाठी वापरल्यास ‘ब’ प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. गोंदवून घ्यावयाचेच असेल, तर नवी सुई आपल्यासमोर उघडावयास लावावी, रंग वेगळ्या वाटीत घेण्यास सांगावे आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. ज्यांच्या जुन्या जखमांचे वण वाढून गाठीसारखे होतात त्यांनी गोंदवून घेऊ नये. गोंदल्यानंतर काही महिने रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

या विषयावर गावात सभा घेताना आधी प्रात्यक्षिक दाखवावे. आदल्या दिवशी सायंकाळी दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन एकात न घासलेल्या व दुसऱ्यात घासलेल्या कठीण कवचाच्या बिया ठेवाव्यात. सकाळी दोन्ही पेले लोकांच्या हातात द्यावेत. फुगलेली बी पाहिल्यावर पुढचे बोलणे सोपे होते. नंतर पुढील तीन प्रश्न विचारून चर्चा करावी.

पहिला, आवरण उघडून आत काय जाणार आहे? बियांत पाणी, लसीत औषध. पण घाणेरड्या पात्याबरोबर रोगजंतू. दुसरा, किती खोल? बियाच्या गरापर्यंत नाही, रबराच्या झाडाच्या वाढीच्या थरापर्यंत नाही, लस टोचताना रक्ताचा ओघळ येईपर्यंत नाही. तिसरा, हे काम कोणाचे? बी शेतकऱ्याने खरवडावी, कोंबडीस लस पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याच्या मार्गदर्शनाने द्यावी, आणि माणसाच्या अंगावरील उपचार डॉक्टरांवर सोपवावा.

सभेच्या शेवटी सर्पदंशावरील पाच सूचना मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात व त्याखाली नजीकच्या रुग्णालयाचे नाव लिहावे. काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम झाले, तर अधिक बरे.